हद्द कोणी आखली? : ‘आउटरेजस’ या शब्दाची कुळकथा



शब्दाचं मूळ शोधत बसणं हे रिकामटेकड्या पंडितांचं काम, असं आपल्यातले पुष्कळ कार्यकर्ते म्हणतात. मोर्चा, निवेदन, पोलीस ठाणं, कोर्ट यातून वेळ उरला तर मग शब्द. मला हे पटत नाही. निवेदन शब्दांतच लिहावं लागतं. फिर्याद शब्दांतच नोंदली जाते. ठाण्यातला अंमलदार आपल्या फिर्यादीतला एक शब्द गाळून तिथं दुसरा बसवतो, तेव्हा त्याला शब्दाची किंमत आपल्यापेक्षा चांगली कळलेली असते. म्हणून या अंकात मी एका इंग्रजी विशेषणाची कुळकथा मांडतोय. ती सांगता सांगता आपल्या शिरूर-दौंडचा इतिहास आपोआप मधे येतो. मी तो ओढून आणलेला नाही.

१

हा शब्द मला पुस्तकात भेटला नाही, गिरणीत भेटला. उन्हाळ्याचे दिवस. आमच्या रिंगखात्यात रात्रपाळीला प्यायच्या पाण्याचा नळ बंद पडला. तीन रात्री सांगून झालं. चौथ्या रात्री आम्ही वीस मिनिटं मशिनी थांबवल्या. पाणी आलं, मशिनी सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर इंग्रजीत नोटीस लागली. तिच्यात आमच्या वागण्याला विशेषण लावलं होतं : ‘आउटरेजस’. जॉबरला अर्थ विचारला. तो म्हणाला, “सायबाची शिवी असंल, लई मोठी.”

माझी शाळा आठवीत सुटली. पुढचं इंग्रजी मी जुन्या बाजारात घेतलेल्या एका फाटक्या डिक्शनरीवर, दौंडच्या गाडीत बसून शिकलोय. त्या डिक्शनरीत अर्थ सापडले : हद्दीबाहेरचं, बेसुमार, धक्का बसेल असं, चीड आणणारं. वाचून मी विचारात पडलो. तीन रात्री दीडशे माणसं तहानेली ठेवणं याला कुठलंच विशेषण नव्हतं. वीस मिनिटं मशिनी थांबवणं मात्र हद्दीबाहेरचं ठरलं. ही हद्द कोणी आखली, कधी आखली, हे बघायला पाहिजे असं वाटलं.

२

पहिल्यांदा कोणालाही वाटेल ते मलाही वाटलं. ‘आउट’ म्हणजे बाहेर, ‘रेज’ म्हणजे राग. रागानं माणूस स्वतःच्या बाहेर येतो ते आउटरेज. खुद्द इंग्रज लोकही शेकडो वर्षं हा शब्द असाच फोडत आलेत. पण ही फोड चुकीची आहे. ‘रेज’ हा वेगळा शब्द. त्याचं मूळ लॅटिन ‘राबिएस’, म्हणजे पिसाळणं. कुत्र्याच्या रोगाला आपण रेबीज म्हणतो, तोच. ‘आउटरेज’चा त्याच्याशी काही संबंध नाही.

खरी फोड अशी. लॅटिनमधे ‘उल्ट्रा’ म्हणजे पलीकडे. फ्रेंचमधे त्याचं ‘उत्र’ झालं. त्याला ‘आज’ हा प्रत्यय लागला आणि शब्द तयार झाला. हाच प्रत्यय इंग्रजीत ‘एज’ म्हणून पॅसेज, बँडेज, व्हिलेज यांच्या शेपटाला दिसतो. तेव्हा आउटरेज म्हणजे ‘पलीकडेपणा’. यात राग नाही, रक्त नाही, फक्त रेघ आणि रेघेच्या पलीकडे जाणं.

१०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं. पुढं तीनेकशे वर्षं तिथल्या दरबाराची आणि कोर्टाची भाषा फ्रेंच. कोर्टात इंग्रजीतूनच बोललं पाहिजे असं सांगणारा कायदा १३६२ साली आला. म्हणजे शेत कसणाऱ्याची भाषा एक आणि त्याला शिक्षा सांगणाऱ्याची दुसरी. आपल्याकडं फिर्याद, जप्ती, हद्द, जुलूम हे शब्द जसे फारसी-अरबीतून दरबाराच्या वाटेनं आले, तसा हा शब्द इंग्रजांच्या घरात वरून उतरला. १३०० च्या आसपास तो इंग्रजीत दिसतो. तेव्हा त्याचा अर्थ साधा होता : बेताच्या बाहेरचं. खाणं बेताबाहेर असेल, खर्च असेल, घमेंड असेल. मग अर्थ सरकला. बेताबाहेरचं वागणं म्हणजे दुसऱ्याला इजा करणं, बेइज्जत करणं. शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’मधल्या प्रसिद्ध स्वगतात नशिबाला हेच विशेषण लावलंय. तिसऱ्या पायरीवर तो खोटा ‘रेज’ शब्दात शिरला आणि आउटरेज म्हणजे इजा बघून लोकांना आलेला संताप असाही अर्थ झाला.

ही सरक नीट ध्यानात घ्या. शब्द आधी करणाऱ्याच्या कृतीवर बसलेला होता. मग तो सोसणाऱ्याच्या जखमेवर बसला. शेवटी बघणाऱ्याच्या मनावर. आता बघणाऱ्याला चीड आली तर ती गोष्ट आउटरेज, नाही आली तर नाही. आपली अडचण इथं सुरू होते. आपल्याकडं बघणारे कोण आहेत?

३

मराठीत या शब्दाला जवळचा शब्द काढला आणि मी थक्क झालो. अत्याचार. अति अधिक आचार. आचाराच्या पलीकडं गेलेलं. दोन वेगळ्या मुलखांत, दोन वेगळ्या भाषांत, एकाच मापानं शब्द कापलेला. संस्कृत कोशांत या शब्दाचा एक अर्थ आहे, रूढ आचार सोडून वागणारा. म्हणजे मुळात अत्याचारी तो, जो ठरलेली चाल मोडतो.

पण आचार म्हणजे काय? मनुस्मृती आचाराला सगळ्यांत मोठा धर्म मानते, आणि तो आचार प्रत्येक वर्णाचा वेगळा. गौतम धर्मसूत्रात वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात शिसं किंवा लाख ओतायची शिक्षा आहे. या हिशोबात ऐकणं हा अत्याचार आणि शिसं ओतणं हा आचार! आज आपण कानात शिसं ओतण्याला अत्याचार म्हणतो, पण ज्यानं शब्द घडवला त्याच्या लेखी तो न्याय होता. आपल्या हातात हा शब्द उलटा होऊन आलाय, हे विसरून चालणार नाही.

यातून एक धोका निघतो. अत्याचार म्हणजे जास्तीचं, बेताबाहेरचं. मग बेतातलं काय? विहिरीवर मारलं तर अत्याचार, आणि नुसतं लांब उभं केलं, वरून ओंजळीत पाणी ओतलं, तर तो काय नुसता आचार? अस्पृश्यता हा कधी अतिरेक नव्हता. तो रोजचा, शांत, देवाधर्माचा आशीर्वाद असलेला आचार होता. बाबासाहेबांची लढाई ‘अति’शी नव्हती, खुद्द ‘आचारा’शी होती. मागं आपलीच माणसं म्हणायची, “अमकं गाव चांगलं, तिथं कधी मारहाण झाली नाही.” त्या गावात मारायची गरज पडली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरा शब्द घ्या, जुलूम. अरबी शब्द. जुन्या अरबी कोशकारांनी त्याची व्याख्या केलीय : वस्तू तिच्या जागी न ठेवणं, भलत्या जागी ठेवणं. त्याच मुळातून अंधाराचाही शब्द निघतो. इंग्रजी ‘अ‍ॅट्रॉसिटी’चं मूळ लॅटिन ‘आत्रोक्स’, म्हणजे क्रूर, भेसूर. आणि त्यात ‘आतेर’ म्हणजे काळा हा शब्द लपलाय. जे काळं दिसतं ते क्रूर. इथंही काळ्यावरच बालंट. उन्हात आणि मशिनीच्या तेलात आयुष्य काढणाऱ्यानं हा हिशोब मनात ठेवावा.

तिसरा शब्द इंग्रजीतलाच, ‘एक्झॉर्बिटंट’. भाव किंवा व्याज भलतंच जास्त असलं की तो लावतात. त्याच्या पोटात लॅटिन ‘ऑर्बिटा’ आहे, म्हणजे गाडीच्या चाकाची चाकोरी. चाकोरी सोडून गेलेलं ते एक्झॉर्बिटंट. हा शब्द भीमाकाठच्या शेतकऱ्याला समजावून सांगायची गरज नाही.

आणि आपला घरचा शब्द, हद्द. “हद्द केली राव!” आपण रोज म्हणतो. आउटरेजसचं याच्याइतकं चोख मराठी मला दुसरं सापडलेलं नाही.

४

आता हद्दीचीच गोष्ट. गावगाड्यात गावाची हद्द कोणाला ठाऊक असायची? महाराला. दोन गावांत शिवेचा तंटा पडला की महाराची साक्ष काढायचे. कुठला दगड कुठं रोवलाय, ओढा कुठं वळतो, बांध कुठून जातो हे तो पिढ्यान्‌पिढ्या डोक्यात घेऊन फिरायचा. त्याच्या शब्दावर शिवार ठरायचं. आणि या हद्दीच्या जाणकाराचं स्वतःचं घर कुठं? वेशीबाहेर. गावाची रेघ त्यानं राखायची आणि स्वतः रेघेच्या पलीकडं राहायचं. ‘उल्ट्रा’ म्हणजे पलीकडे. या अर्थानं सगळा महारवाडाच आउटरेज होता. गावानं त्याला पलीकडं बसवलं, आणि तो अलीकडं आला की हद्द मोडली म्हणून बोंब मारली.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्यानं थुंकायला गळ्यात मडकं बांधायचं, पाऊल पुसायला कमरेला झाडू बांधायचा, हे बाबासाहेबांनी १९३६ च्या ‘जातिनिर्मूलना’त मांडलंय. म्हणजे रस्त्यावर पाऊल उमटणं हेसुद्धा हद्दीबाहेरचं.

ही पार्श्वभूमी ध्यानात ठेवून ३१ डिसेंबर १८१७ ची रात्र बघा. शिरूरच्या, म्हणजे घोडनदीच्या छावणीतून कॅप्टन स्टाँटनची तुकडी पुण्याकडं निघाली. मुंबई नेटिव्ह इन्फंट्रीचे पाचशेच्या आसपास शिपाई, थोडे घोडेस्वार, मद्रासचे गोलंदाज आणि दोन तोफा. सगळे मिळून आठशेच्या आसपास. रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ ला सकाळी ती कोरेगावला पोचली, तर भीमेपलीकडं दुसऱ्या बाजीरावाचं हजारोंचं सैन्य. दिवसभर कोरेगावच्या गल्ल्यांतून लढाई झाली. तुकडीतले मेलेले, जखमी आणि बेपत्ता मिळून पावणेतीनशेच्या घरात. जयस्तंभाचा पाया १८२१ साली घातला. त्याच्यावरच्या नावांत ‘नाक’ शेवटी असलेली नावं आहेत, ती आपल्या महार शिपायांची.

ही लढाई इंग्रजांच्या राज्यासाठी झाली, हे मला माहीत आहे. इंग्रजांनी महारांचं देणं फेडलं नाही हेही माहीत आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी महारांची लष्करभरतीच त्यांनी बंद केली. त्या स्तंभासमोर मी साहेबाला सलाम करायला जात नाही. ज्याचं पाऊल रस्त्यावर उमटू द्यायचं नाही असं ठरलेलं, तो रातोरात शिरूरहून कोरेगावला चालत गेला आणि त्याचं नाव दगडात उमटलं, यासाठी जातो. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब तिथं आले. कोरेगाव शिरूर तालुक्यात, स्तंभ पलीकडच्या तीरावर पेरण्याच्या शिवारात, हवेली तालुक्यात. मधून भीमा. तिथंही हद्द आहेच.

५

आता बहिष्कार. ही हकीकत आपल्या पोरांना ठाऊक असायला पाहिजे, कारण आपल्याच दोन तालुक्यांतली आहे.

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळं १८६१ नंतर कापसाला सोन्याचा भाव आला. युद्ध संपलं, भाव कोसळला. तेवढ्यात सरकारनं सारा वाढवला. शेतकरी सावकाराच्या खतात बुडाला. व्याज चाकोरी सोडून कधीच गेलेलं. डिसेंबर १८७४ मधे शिरूर तालुक्यातल्या करडे गावी काळूराम नावाच्या सावकारानं बाबासाहेब देशमुख या कर्जदारावर हुकूमनामा मिळवून त्याचं घर पाडायला काढलं. गाव खवळलं. सावकारांची जमीन करायची नाही, त्यांच्या दुकानी जायचं नाही, त्यांचं पाणी भरायचं नाही, हजामत करायची नाही असं ठरलं. हे लोण गावोगाव गेलं. १२ मे १८७५ ला सुप्याला, त्या वेळच्या भीमथडी तालुक्यात, बाजाराच्या दिवशी दुकानं फुटली आणि खतं जाळली गेली. दौंडचा हा सगळा मुलूख तेव्हा भीमथडीतच धरला जायचा. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. सरकारनं चौकशी नेमली. एवढा मोठा उठाव, पण माणसांना इजा फारच थोडी. लोकांचा रोख कागदावर होता. १८७९ साली दख्खन शेतकरी कायदा आला.

गंमत बघा. इंग्रजीत ‘बॉयकॉट’ हा शब्द १८८० साली जन्मला. आयर्लंडमधे कॅप्टन बॉयकॉट नावाच्या जमीनदाराच्या कारभाऱ्याला कुळांनी वाळीत टाकलं, त्याच्या नावावरून. म्हणजे करड्यानं जे केलं त्याला तेव्हा इंग्रजीत नावसुद्धा नव्हतं!

सावकाराविरुद्धच्या त्या बहिष्काराचं मला कौतुक आहे. पण हत्याराला दोन्ही बाजूंनी धार असते. पाणी तोडणं, दुकान तोडणं, काम तोडणं हे गावगाड्याला कुठून सुचलं? आपल्यावर शेकडो वर्षं वापरून हात बसलेला होता. करड्यात ते एकदा वर फिरलं, एरवी खालीच चाललं. बाबासाहेबांनी ३ एप्रिल १९२७ ला पाक्षिक काढलं, त्याचं नाव ‘बहिष्कृत भारत’. आणि सुप्याच्या उठावाला शंभर वर्षं होत आली असताना, १९७२ साली, शेजारच्या इंदापूर तालुक्यात बावड्याला गावानं बौद्ध वस्तीवर बहिष्कार टाकला. त्याच वर्षी परभणी जिल्ह्यात ब्राह्मणगावला पाण्यावरून दलित बायांची विटंबना झाली. या दोन बातम्यांनी मुंबईतली पोरं पेटली आणि दलित पँथर उभी राहिली. भीमेच्या एका काठानं सावकाराचं खत जाळलं आणि दुसऱ्या काठानं आपल्या चुली विझवल्या. दोन्ही वेळी हत्यार तेच होतं. ते कोणाच्या हातात आहे आणि कोणाच्या पोटावर चाललंय, एवढाच प्रश्न.

६

कायद्याच्या पुस्तकात ‘आउटरेज’ कुठं कुठं येतो ते मी शोधलं. १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम ३५४, बाईची लज्जा आउटरेज करणं. मराठीत त्याला विनयभंग म्हणतात. बघा, भाषांतरात पुरुषानं ओलांडलेली हद्द गेली आणि बाईचा मोडलेला विनय राहिला. मग २९५-अ, धार्मिक भावना आउटरेज करणं. लाहोरच्या एका पुस्तकावरून उठलेल्या वादानंतर हे कलम घातलं गेलं १९२७ साली. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेची जागा भारतीय न्याय संहितेनं घेतली, तिच्यात ही कलमं ७४ आणि २९९ झाली. नंबर बदलले, शब्द राहिला.

१९२७ साल आपल्याला पाठ आहे. २० मार्चला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी बाबासाहेब प्याले. २५ डिसेंबरला मनुस्मृती जळली. ज्या वर्षी सरकारनं धर्मभावनेला कायद्याची कुंपणं घातली, त्याच वर्षी तळ्यावर ओंजळभर पाणी पिणाऱ्यांची डोकी फुटली. नंतर शेणमूत घालून तळं शुद्ध करून घेतलं. माणसाला विटाळ म्हणण्यानं कोणाची भावना दुखावते असं तेव्हाच्या कुठल्याच कलमाला वाटलं नाही. हद्द मोडली ती ओंजळीनं!

स्वातंत्र्यानंतर घटनेच्या १७ व्या कलमानं अस्पृश्यता संपवली, म्हणजे आचारच गुन्हा ठरवला. १९५५ साली अस्पृश्यता (अपराध) कायदा आला. तो १९७६ मधे नागरी हक्क संरक्षण कायदा झाला. आणि १९८९ साली अत्याचार प्रतिबंध कायदा, अंमल ३० जानेवारी १९९० पासून. हा कायदा मी मराठीतून ओळ न्‌ ओळ वाचलाय. अत्याचार म्हणजे काय? कायदा म्हणतो, कलम ३ खाली ज्याला शिक्षा आहे तो गुन्हा. बस्स. क्रूर, भयंकर, अमानुष असली विशेषणं तिथं नाहीत. कृतींची यादी आहे. खाऊ नये ते तोंडात कोंबणं. नागवं करून फिरवणं. जमीन बळकावणं. आपण वापरतो ते पाणी घाण करणं. २०१५ च्या दुरुस्तीनं त्यात सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही घातला. गावानं आखलेली रेघ पुसून कायद्यानं आपली रेघ आखली, आणि ती क्रियापदांनी आखली.

तरी कागदावरची रेघ जमिनीवर उतरते असं नाही. २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात खैरलांजीला भोतमांगे कुटुंबातली चार माणसं मारली. २००८ साली आठ जण खुनाचे दोषी ठरले, पण अ‍ॅट्रॉसिटी कायदा आणि विनयभंग, दोन्ही गुन्हे कोर्टात टिकले नाहीत. आमचं मरण मान्य झालं. कशासाठी मारलं ते मान्य झालं नाही.

७

हद्द मोडल्याची बोंब कोणाविरुद्ध होते याचा एक धडा १९७२ चाच आहे. पुण्याच्या ‘साधना’ साप्ताहिकाचा १५ ऑगस्टचा अंक, स्वातंत्र्याला २५ वर्षं झाल्याचा. त्यात राजा ढाले यांनी लिहिलं. राष्ट्रध्वजाच्या अपमानाला असलेली शिक्षा आणि दलित बाईचं लुगडं ओढल्याबद्दल होणारी शिक्षा त्यांनी शेजारी शेजारी ठेवली. गहजब उडाला. कशावर? ढाल्यांच्या भाषेवर. लुगडं ओढणाऱ्यावर तेवढा उडाला नाही. ज्यांनी आयुष्यात कधी बावड्याचं किंवा ब्राह्मणगावचं नाव घेतलं नव्हतं, त्यांना एका वाक्यानं धक्का बसला. आउटरेजस काय ठरलं? वाक्य!

हे आज संपलंय असं समजू नका. गावात कान देऊन ऐका. “त्यानं माझ्यावर अ‍ॅट्रॉसिटी केली,” असं कोण म्हणतं? ज्यानं मारलं तो म्हणतो, ज्यानं फिर्याद दिली त्याच्याबद्दल. “अ‍ॅट्रॉसिटी टाकली,” “अ‍ॅट्रॉसिटीची धमकी देतात.” अ‍ॅट्रॉसिटी म्हणजे क्रूर कृत्य, आणि ते करणारा आता कोण? फिर्यादी! ज्याच्या पाठीवर वळ, तोच अ‍ॅट्रॉसिटीवाला. एका पिढीत शब्दाची सालपटं काढून तो आपल्याच अंगावर घातलाय. असं शब्दाचं धर्मांतर कुठल्या डिक्शनरीत नोंदलेलं मी पाहिलं नाही.

२०१६ साली कोपर्डीच्या घटनेनंतर निघालेल्या मोर्चांत हा कायदा बदलायची मागणी होती. कोपर्डीच्या मुलीवर झालं ते भयानक होतं. करणारा कोणत्या जातीचा, यानं त्यात तसूभर फरक पडत नाही, आणि आपण ते मोठ्यानं म्हटलं पाहिजे. पण त्या मुलीचा न्याय आणि आपला कायदा यांचा गुंता कोणी केला, हेही विचारलं पाहिजे. १ जानेवारी २०१८ ला कोरेगाव भीमाच्या वाटेवर दगड पडले, गाड्या जळाल्या. २० मार्च २०१८ ला, महाडच्या दिवशीच, सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात अटकेआधी मंजुरी आणि गुन्हा नोंदवण्याआधी चौकशीच्या अटी घातल्या. २ एप्रिलला देशभर बंद झाला. त्याच वर्षी संसदेनं १८-अ हे कलम घालून त्या अटी काढल्या, आणि १ ऑक्टोबर २०१९ ला कोर्टानं आपले ते निर्देश मागं घेतले. रस्त्यावर उतरल्याशिवाय शब्द जागेवर येत नाहीत, याचा हा ताजा पुरावा.

८

मग करायचं काय? माझ्या अक्कलेप्रमाणं तीन गोष्टी सांगतो.

एक. “अ‍ॅट्रॉसिटी केली” असं आपल्या तोंडून कधी निघू देऊ नका. “अत्याचाराची फिर्याद दिली” म्हणा. लांब वाटतं, पण अत्याचार कोणी केला ते त्यात उलटत नाही. समोरचा चुकीचं बोलला की तिथल्या तिथं दुरुस्त करा, मग तो पोलीस असो नाहीतर पत्रकार.

दोन. फिर्यादीत आणि सत्यशोधनाच्या अहवालात विशेषणं कमी करा. अमानुष, निर्घृण, माणुसकीला काळिमा हे शब्द वाचून अंमलदाराच्या अंगावर काटा येत नाही. तारीख, वेळ, जागा, कोण कोण हजर, कोणी कुठला शब्द उच्चारला, कोणत्या हातात काय होतं, पाणी कोणी तोडलं, किराणा कोणत्या दिवसापासून बंद, हे लिहा. जातीवाचक शिवी चारचौघांत दिली की घरात, यावर खटले उभे राहतात आणि पडतात, तेव्हा जागा आणि ऐकणारे नीट लिहा. तपास उपअधीक्षकाच्या खालचा अधिकारी करू शकत नाही, आणि आरोपपत्राला साठ दिवसांची मुदत आहे, हे पाठ करा. कायदा क्रियापदांनी लिहिलाय, त्याला क्रियापदांनीच उत्तर द्या. कवितेत विशेषणं वापरा हवी तेवढी. मीही वापरतो.

तीन. नुसत्या ‘अति’वर बोलू नका, ‘आचारा’वर बोला. गावात मारहाण झाली नाही म्हणून अहवाल कोरा ठेवू नका. स्मशान वेगळं आहे का, लग्नाची वरात कोणत्या रस्त्यानं जाऊ देतात, अंगणवाडीत पोरांना कुठं बसवतात, भाड्यानं खोली मागताना आडनाव आधी विचारतात का, हे लिहा. तिथं कोणी बोंब मारत नाही, कोणाला धक्का बसत नाही, पेपरात बातमी येत नाही. आणि ज्या दिवशी आपला एखादा पोरगा तो मुकाट आचार मोडील, त्या दिवशी त्याला कोणीतरी आउटरेजस म्हणेल. त्या शब्दाला घाबरायचं कारण नाही. त्याचा मूळ अर्थ फक्त ‘पलीकडे’ आहे. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरले तेव्हा ते गावाच्या रेघेच्या पलीकडं गेले, आणि त्या रेघेच्या पलीकडं माणूस होता.

जय भीम.